रुमालाखालचा भाव

शेडबाळ्यांनी फॉर्म माझ्याकडं सरकवला.
सांगलीची गणपती पेठ, अरुंद जिना, वर एक पंखा,
खालच्या दुकानातून येणारा हळदीचा वास.
"पूर्वीपासूनचे आजार. खरं लिहा काका,
खोटं निघालं तर तिकडं एक पैसा सुटत नाही."

मी अडतीत चौतीस वर्षं दिवाणजी होतो.
पोत्याचं वजन, ओलीची घट, बारदानाची घट,
सगळं खरं लिहिलं.
भाव मात्र रुमालाखाली ठरायचा:
दोन हात आत, बोटांनी बोटं दाबायची,
वर चेहरे असे, जसं कुणाला काही विकायचंच नाही.

लग्नानंतर गमतीनं त्रिशलाला शिकवलं होतं.
आई समोर वाती वळत बसलेली
आणि पदराखाली आमची सिनेमाची वेळ ठरायची.

मागल्या पौषात, एडमंटनला,
बाहेर उणे एकतीस,
तिच्या उजव्या बरगडीखाली कळ आली.
भरतेशनं फोन उचलला.
सूनबाई विम्याचा कागद वाचत होती, नुसत्या ओठांनी.
त्यात एक ओळ होती:
निघण्याआधी एकशे ऐंशी दिवसांत
कुठलीही गोळी बदललेली नसावी.
आणि मिरजेच्या वाळिंब्यांनी आश्विनात
अर्धीची पूर्ण केली होती.
रक्तदाबाची. पित्ताची नव्हे.
पण कागदाला पित्त आणि रक्त वेगळं कळेल
याची हमी कोण घेणार?

तिथल्या एका रात्रीचे मी मनात रुपये केले.
करू नयेत, पण डोकं दिवाणजीचं.
माझ्या नोकरीतली पहिली बावीस वर्षं त्यात गेली.

तेवढ्यात शालीखाली तिनं माझा हात धरला.
दोन बोटं. घट्ट.
परतीचं तिकीट दोन आठवड्यांवर होतं.
मी एक दाबलं: एकावर ये, तारीख बदलू.
तिनं परत दोन.
वर भरतेशला म्हणाली, "गॅस झालाय रे. ओवा हाय का?"
आणि मी, ज्यानं जन्मात कुणाचा काटा मारला नाही,
मान हलवली.
सौदा झाला.

तेरा रात्री तिनं कूस बदलली नाही.
पेज, जिऱ्याचं पाणी,
आणि दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम.
तिथं तो साडेचारलाच मावळतो.

मिरजेत दुर्बिणीतून पित्ताशय काढलं.
वाळिंबे म्हणाले, "वेळेत आलात म्हणू की उशिरा,
मला ठरवता येईना."
बाटलीत अकरा खडे दिले.
हळकुंड फोडल्यावर आत दिसतो तसले पिवळे.
मी सवयीनं तळहातावर तोलले.
भाव सांगता येईना.

भरतेशनं तीनदा बिल मागितलं. पाठवलं नाही.
चौथ्यांदा तो फोनवर बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं, आप्पा?
पैशाचं माझं मी बघितलं असतं."
म्हणून तर, बाळा.

आता श्रावणात सूनबाईचे दिवस भरतात.
जायला हवं.
शेडबाळे पेन पुढं करतात.
काढून टाकलेलं पित्ताशय
आजारात धरायचं, की आजार गेल्यात?
"ऑपरेशनचा रकाना वेगळा," ते म्हणतात, "हप्ता वाढेल."
किती, ते कॅल्क्युलेटरवर दाखवतात, आमच्याकडं वळवून.
तोंडानं आकडा काढत नाहीत.
म्हणजे रुमाल इथंही आहे.

त्रिशला शेजारच्या खुर्चीत. पिशवीखालून तिचा हात येतो.
या वेळी एकही बोट दाबत नाही.
अख्खा पंजा नुसता ठेवते, सैल, गार.
याचा भाव मला कुणी शिकवलेला नाही.
मी लिहितो: पित्ताशय, काढलेलं, मिरज.
आणि गोळी, अर्धीची पूर्ण. तारखेसकट.

"अजून काही?" शेडबाळे विचारतात.
खाली कुणीतरी पोतं आपटतं,
पिवळी धूळ जिन्यानं वर येते
आणि तिला शिंक येते, एक, मग दुसरी.
"हे नका लिहू," ती म्हणते.